चारशे मुलांचा एक दिवस

दिवसा भरणाऱ्या शाळेत एका विद्यार्थ्यामागे रोज ४५ लिटर पाणी लागते, निवासी शाळेत १३५ लिटर. इमारतींच्या पाणीपुरवठ्याचा भारतीय मानकातला हा हिशेब आहे. या दोन आकड्यांतच निवासी शाळेचे वेगळेपण दिसते. दिवसाच्या शाळेतले मूल अंघोळ, कपडे, जेवण, झोप सगळे घरी उरकून येते. निवासी शाळेत हे सारे एकाच कुंपणाच्या आत, एकाच विहिरीवर आणि एकाच चुलीवर चालते. चारशे मुलांची शाळा असेल तर दिवसाला ५४ हजार लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचे पाचहून अधिक टँकर झाले.

महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत आणि अनुदानित पाचशेहून अधिक. नवोदय विद्यालये, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आणि संस्थांची वसतिगृहे वेगळीच. यांतल्या कितीतरी शाळा जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ, अक्कलकुवा, धडगाव अशा तालुक्यांत आहेत. तिथे चार महिने पाऊस कोसळतो आणि मार्चपासून बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याकडे निघतात. अशा ठिकाणी शाळा म्हणजे लोकसंख्येने एक पाडाच असतो. पण या पाड्याला शहरातली गटारे नाहीत आणि कचरा न्यायला घंटागाडी येत नाही. जे आत येते त्याचे पुढे काय होते, हे शाळेलाच पाहावे लागते.

ही अडचण आहे, तशीच मोठी संधीही आहे. पर्यावरणाच्या पुस्तकातले जलचक्र, अन्नसाखळी, ऊर्जेचे रूपांतर हे सगळे इथे मुलांच्या डोळ्यांसमोर रोज घडत असते. ते नीट घडावे यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती दिनक्रमाची विचारपूर्वक आखणी.

छपरावरचे पाणी कशाला पुरते?

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शाळा, वसतिगृह, भोजनगृह मिळून हजार चौरस मीटर छप्पर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरू. उडून, झिरपून जाणारे वजा केले तर सुमारे ८० टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार लिटर पाणी हाती लागते. डोंगरी तालुक्यांत पाऊस २,५०० मिलिमीटर असेल, तर हाच आकडा २० लाखांवर जातो.

आता हे पाणी पुरते किती? सगळ्या कामांना वापरले तर ५ लाख ६० हजार लिटर जेमतेम दहा दिवसांत संपते. म्हणून 'पागोळीच्या पाण्याने शाळेचा प्रश्न सुटला' असे सांगणाऱ्या योजना पहिल्याच उन्हाळ्यात उघड्या पडतात. पण हेच पाणी फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखले, माणशी पाच लिटर धरले, तर रोज दोन हजार लिटर लागतात आणि हिशेब २८० दिवसांवर जातो. एवढे सगळे साठवायला टाकी परवडत नाही. परंतु दोन लाख लिटरची फेरोसिमेंटची टाकी असेल तर शंभर दिवसांची, म्हणजे नेमक्या टंचाईच्या काळाची, पिण्याच्या पाण्याची सोय होते. उरलेले पाणी वाळू-खडीच्या गाळण खड्ड्यातून विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडायचे.

हे करताना काही गोष्टी चुकवून चालत नाहीत. मे महिन्यात छप्पर आणि पन्हळी झाडून घ्यायच्या. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते बाहेर सोडून द्यायचे. टाकीत उजेड गेला तर शेवाळ धरते, फट राहिली तर डास अंडी घालतात. म्हणून झाकण घट्ट हवे आणि हवेच्या नळीला जाळी हवी. पिण्यापूर्वी क्लोरीन घालणे तर आवश्यकच.

बाकीच्या वापराला आवर घालायचा तर आधी तो मोजावा लागतो. नळ मिनिटाला सहा लिटर पाणी देत असेल आणि मूल तो अडीच मिनिटे उघडा ठेवून दात घासत असेल, तर पंधरा लिटर गेले. चारशे मुलांचे सहा हजार लिटर. तेच काम एका तांब्यात होते. टाकीच्या मुख्य नळीवर एक मीटर बसवावा आणि दोन मुलांनी रोज ठरलेल्या वेळी त्याची नोंद करावी. रात्री दहाला आणि पहाटे चारला अधीक्षकांनी आकडा पाहावा. सगळे झोपलेले असताना मीटर पुढे गेला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती शोधण्याची इतकी सोपी आणि खात्रीची दुसरी रीत नाही.

न्हाणीघराचे आणि धुण्याचे पाणी शाळेत सर्वांत मोठ्या प्रमाणात वाहून जाते. ते उघड्यावर सोडले की डबके, डास आणि चिखल. जाळीतून, मग गाळ बसायच्या टाकीतून, मग कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून नेले, तर ते केळी, नारळ, शेवगा, हदगा यांना देता येते. कर्दळीच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. पालेभाज्यांना मात्र हे पाणी देऊ नये. धुण्याच्या सोड्याकडेही लक्ष हवे. सोडियम साचत गेले की काळी माती घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही. वाफे आलटून-पालटून वापरणे आणि कमी सोड्याचा साबण घेणे हा त्यावरचा उपाय. भोजनगृहाच्या मोरीचे पाणी तेलकट असते, त्याला आधी तेल-चरबी अडवणारी वेगळी टाकी लागते.

बादलीभर गरम पाण्याची किंमत

निवासी शाळेत नुसत्या अंघोळीला किती लाकूड जाळले जाते, हे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. हिशेब करून पाहू. थंडीत एका मुलाला दहा लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला २०० किलोकॅलरी उष्णता लागते. चारशे मुलांना ८० हजार. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,८०० किलोकॅलरी असतात, पण तीन दगडांच्या चुलीवर त्यातला दहा टक्के आणि बऱ्या चुलीवर वीस टक्के भाग पाण्याला मिळतो. बाकीची उष्णता धूर आणि वाऱ्याबरोबर जाते. म्हणजे फक्त अंघोळीसाठी रोज एक ते दोन क्विंटल लाकूड. हे लाकूड शेजारच्या रानातूनच येते, आणि त्याच रानावर शेजारच्या पाड्यांचे सरपणही अवलंबून असते. म्हणून शाळेची चूल हा गावाच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

सौर बंबाने हा भार जवळजवळ पूर्ण उतरतो. बंबातले पाणी ६० अंशांपर्यंत तापते. त्यात तितकेच २० अंशांचे पाणी मिसळले की अंघोळीजोगे ४० अंशांचे होते. म्हणजे चार हजार लिटर कोमट पाण्याला दोन हजार लिटरचा बंब पुरतो. अडचण येते ती पावसाळ्यात आणि क्षारयुक्त पाण्याच्या गावात. क्षारांनी नळ्या तुंबतात आणि दोन-तीन वर्षांत बंब छपरावर नुसता उभा राहतो. खरेदीच्या वेळी वार्षिक साफसफाईचा करार केला नाही, तर ही गुंतवणूक वाया जाते.

भोजनगृह

स्वयंपाकघरात बचतीच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फुकट आहेत. डाळ-कडधान्य रात्री भिजत घातले की शिजायला कमी वेळ लागतो. पातेल्यावर झाकण ठेवले आणि उकळी आल्यावर आच कमी केली, तर भात तितक्याच वेळात शिजतो. उकळत्या पाण्याचे तापमान मोठ्या आचेने वाढत नाही, केवळ वाफ जास्त उडते. हे भौतिकशास्त्र आठवीच्या मुलांना भोजनगृहातच दाखवता येते. धुराचा प्रश्न तर थेट स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांचा आहे. धुराडे असलेली सुधारित चूल बसवणे हा त्यांचा हक्क मानला पाहिजे.

सूर्याच्या उष्णतेवर मोठा स्वयंपाक होऊ शकतो याचा महाराष्ट्रातला ठळक दाखला शिर्डीचा आहे. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ आरसेदार तबकड्या बसवल्या गेल्या. त्या सूर्याबरोबर फिरतात, एका केंद्रावर ऊन एकवटतात, त्यातून वाफ तयार होते आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजते. शाळेला इतक्या तबकड्या लागत नाहीत. मात्र ढगाळ दिवसासाठी दुसरे इंधन तयार ठेवावेच लागते, आणि तबकड्यांची देखभाल करणारा माणूस जवळपास असावा लागतो.

ताटात काय असावे, हाही पर्यावरणाचाच प्रश्न. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई पावसाच्या पाण्यावर येतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. वाढत्या वयाच्या मुलांना ही गोष्ट साधी नाही. पण बऱ्याच आश्रमशाळांत मुलांच्या घरी पिकणारी नाचणी ताटात क्वचितच दिसते, आणि दूरवरून ट्रकने आलेला तांदूळ रोज दिसतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा नाचणीची भाकरी किंवा आंबील, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी या रानभाज्या, परसबागेतला शेवगा, एवढे केले तरी वाहतूक वाचते आणि परिसरातल्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळते. शिवाय आपल्या आईच्या हातचे अन्न शाळेलाही मोलाचे वाटते, हे मुलाला कळते. रानभाज्या ओळखण्यात तर मुलांचे आईवडील शिक्षकांचे गुरू आहेत. त्यांना शाळेत बोलवावे.

उष्ट्याचा हिशेबही ठेवावा. एका मुलाने एका जेवणात ५० ग्रॅम अन्न टाकले, तर चारशे मुलांचे दोन जेवणांत ४० किलो होते. उष्टे रोज वजन करून फलकावर लिहिले की मुले स्वतःहून बोलू लागतात: आज भात कच्चा होता, भाजी तिखट होती, वाढणाऱ्याने एकदम जास्त घातले. उष्टे टाकणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा ही कारणे दूर करणे अधिक उपयोगाचे.

शौचालय, मैला आणि माणुसकी

निवासी शाळेची खरी परीक्षा शौचालयात होते. इथे महाराष्ट्राकडे मोठा वारसा आहे. डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. पोटाच्या विकारांचे मूळ उघड्यावरच्या शौचात आहे हे ओळखून त्यांनी आयुष्य शौचालयांच्या कामाला दिले. शौचालयाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्राचा त्यांनी प्रसार केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

माणशी रोज सुमारे एक घनफूट गॅस मिळतो, असा या संयंत्रांचा सर्वसाधारण अंदाज आहे. चारशे मुलांचे चारशे घनफूट, म्हणजे अकरा घनमीटरच्या आसपास. एक घनमीटर बायोगॅस साधारण ४३० ग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसइतके काम करतो. तेव्हा दर तीन दिवसांना एका घरगुती सिलिंडरइतके इंधन शौचालयातून मिळू शकते. त्यात भोजनगृहातले उष्टे आणि भाजीची देठे घातली की गॅस आणखी वाढतो. शेण हे जनावराच्या पोटात एकदा पचलेले असते, शिळ्या भातातला पिष्टमय भाग मात्र जिवाणूंना ताजा मिळतो. म्हणून किलोमागे शिळ्या अन्नातून गॅस अधिक निघतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच तत्त्वावर खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र घडवले आणि २००६ मध्ये त्या कामाला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

बायोगॅस सांभाळणे जमणार नसेल, तर दोन खड्ड्यांचे शौचालय उत्तम. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत वास नसलेले खत होते. अट इतकीच की खड्डे विहिरीपासून दूर असावेत आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून बरीच खाली असावी.

या विषयाला आपल्या समाजात जातीची जखम आहे, ती विसरून चालणार नाही. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचे काम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते दिले जात नव्हते, म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडले. पुढे १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला आणि मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग केले. सफाई हे ठरावीक माणसांचे काम राहू नये, हा त्यांचा आग्रह होता.

आजच्या निवासी शाळेने तो तसाच पाळावा. झाडणे, शौचालयात पाणी टाकणे, ब्रश मारणे या कामांच्या पाळ्या सर्व मुलांना सारख्या असाव्यात आणि शिक्षकांचीही त्यात पाळी असावी. शिक्षा म्हणून शौचालय साफ करायला लावणे पूर्ण बंद झाले पाहिजे. मैल्याच्या टाकीत किंवा खड्ड्यात सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही उतरवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलांना तर त्याच्या जवळही जाऊ देऊ नये.

मुलींच्या मासिक पाळीची सोय हा याच प्रश्नाचा भाग आहे. बाजारातल्या पॅडमध्ये प्लास्टिक असते. ते शौचालयात टाकले की नळ्या तुंबतात, उघड्यावर जाळले की विषारी धूर होतो. ज्या मुलींना कापडी पॅड चालतात त्यांना ते द्यावेत, पण धुवायला पुरेसे पाणी आणि वाळवायला ऊन येणारी आडोशाची जागा आधी तयार करावी. पॅड वापरणाऱ्या मुलींसाठी झाकणाचा वेगळा डबा आणि विल्हेवाटीची पक्की व्यवस्था हवी. पर्यावरणाच्या नावाखाली मुलींची कुचंबणा होता कामा नये.

शाळा मे महिन्यात काय करते?

निवासी शाळेच्या योजना बहुधा एकाच ठिकाणी अडखळतात, ते म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. विहिरी आटतात तेव्हा मुले घरी असतात, हे पाण्याच्या दृष्टीने बरेच. पण जुलैत लावलेली रोपे मे महिन्यात वाळतात, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा वृक्षारोपण होते. बायोगॅसमधले जिवाणू महिनाभर उपाशी राहिले की गॅस थांबतो. गुरे परसबाग खाऊन तिची धूळधाण करतात.

त्यामुळे आखणी मे महिन्यापासून उलटी करावी. सुट्टीत शाळेत राहणारे कामाठी आणि चौकीदार जितकी रोपे जगवू शकतील तितकीच लावावीत. करंज, कडुनिंब, आवळा, जांभूळ, बांबू अशी स्थानिक झाडे घ्यावीत, बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करावे. सुट्टीत बायोगॅसला दोन-तीन पाट्या शेण घालण्याचा करार शेजारच्या गोठेवाल्याशी करावा, बदल्यात त्याला मळीचे खत द्यावे. पाला मात्र कधीच पेटवू नये. आच्छादन आणि खत म्हणून त्याचा प्रत्येक कण कामाचा आहे.

कचऱ्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पण शाळेतला प्लास्टिक कचरा मुख्यतः शाम्पूच्या पुड्या आणि खाऊच्या वेष्टनांचा असतो. तेल, साबण घाऊक डब्यात आणून मुलांच्या बाटल्यांत भरून दिले, तर हा ढीग उगमापाशीच घटतो.

काम आणि शिक्षण

या सगळ्यात मुलांनी किती काम करावे, हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण देण्याची गांधीजींची पद्धत, पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत शेती, सूतकताई, स्वयंपाक आणि सफाई हे अभ्यासाचे विषय होते. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले राहून बांधकाम, शेती, वीजकाम, अन्नप्रक्रिया प्रत्यक्ष करत शिकतात आणि केलेल्या कामाचा खर्चही स्वतः मांडतात.

या प्रयोगांतून एक कसोटी मिळते. ज्या कामातून मूल काही मोजते, तपासते, सुधारते ते शिक्षण. ज्या कामामुळे केवळ एका कामगाराचा पगार वाचतो ती राबवणूक. मीटरची नोंद ठेवणारी मुलगी महिन्याच्या शेवटी आलेख काढत असेल आणि गळती कुठे आहे हे मुख्याध्यापकांना सांगत असेल, तर ती विज्ञान शिकते आहे. तिला नुसत्या बादल्या वाहायला लावल्या तर नाही. कामाची वेळ ठरलेली असावी, पाळ्या बदलत्या असाव्यात, आणि जो आकडा मुलांनी काढला त्यावर शाळेने निर्णय घेतल्याचे मुलांना दिसावे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मोठी योजना, मोठे अनुदान यांची वाट पाहत बसू नये. भोजनगृहाच्या दाराशी एक फलक लावावा आणि त्यावर रोज पाच आकडे लिहावेत: पाणी किती लिटर, सरपण किंवा गॅस किती किलो, उष्टे किती किलो, वीज किती युनिट आणि जिवंत रोपे किती. मुख्याध्यापक, अधीक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आणि संस्थेचे विश्वस्त यांनी महिन्यातून एकदा मुलांसोबत बसून ते वाचावेत. उपाय वर सांगितलेल्यांपैकी कोणता निवडायचा, हे तेच आकडे सांगतील. सुरुवात पाण्याच्या मीटरपासून करा. तो सर्वांत स्वस्त आहे.